मापाची जोडी

रोलर हॉकीच्या स्केट्सचं ते मॉडेल कंपनीने बंद केलं होतं आणि नवे स्केट्स सुलक्षणाच्या लेकीच्या रुंद पावलांना चावत होते. महिनाभर शोधल्यावर जुनी जोडी दौंडला विठाबाईंकडे सापडली. "माझ्या शितलचं लगीन ठरलंय. आता कशाला पायजेत तिला?" म्हणत विठाबाई चहा ठेवायला गेल्या. शितलने खाली बसून सुलक्षणाच्या लेकीच्या पायात स्केट्स चढवले, नाड्या आवळल्या. सुलक्षणाने अंगठ्याने चवडा दाबून पाहिला, टाच हलवून पाहिली. कुठे घट्ट नाही, सैल नाही. लेक अंगणात गेली तशी शितल हळूच म्हणाली, "काकू, बसत न्हाईत म्हणा ना. मला लग्नानंतरबी खेळायचंय." आतून विठाबाईंनी विचारलं, "बसलं का वो मॅडम?" अंगणात लेक हसत गिरक्या घेत होती. "बसले," सुलक्षणा शितलकडे न बघता म्हणाली. शितल उठली आणि कपाटातली सुटी चाकंही पिशवीत भरू लागली.