पाचवा उद्गार

तीन वाजेपर्यंतचा उपास निभावला, तर करुणाबाई शिरसाठांच्या पदरात बरंच पडणार होतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि त्यांच्या चर्चमध्ये त्या सातांत बाई कधीच नव्हती. यंदा पाचवा उद्गार त्यांचा होता. अट एकच, बोलणाऱ्याने उपाशी राहायचं. ती घातली होती पंचकमिटीतल्या कसबेकाकांनी.

बाईंनी सकाळी इन्सुलिन टोचलं आणि हट्टाने न्याहारी टाळली. दुपारी चर्चमध्ये बोलायला उभ्या राहून ‘मला तहान लागली आहे,’ एवढं वचन वाचलं आणि त्यांचे हात थरथरू लागले, कपाळ घामाने भिजलं. त्यांनी पर्समधून बिस्किटं काढली आणि तिथंच, सगळ्यांसमोर खाल्ली.

“अहो बाई, उपास!” कसबेकाका बाकावरून गरजले.

“साखर उतरलीय, काका. प्रभूने तहान लपवली का? मारेकऱ्यांसमोर सांगितली. देवाच्या पुत्राला देहाची लाज वाटली नाही, मग मला मधुमेहाची का वाटावी? बारा वर्षं लपवला. आता पुरे!”

कसबेकाकू उठल्या. “करुणाताई, दोन इकडे द्या. यांनाही आहे, आणि हेही सकाळपासून उपाशीच.”

उत्तम शुक्रवार असूनही चर्चमध्ये हसू फुटलं. काकांनी मान खाली घालून बिस्किट चावलं.

किंमत मात्र एकट्या बाईंनी मोजली. पुढच्या वर्षी पाचवा उद्गार पुन्हा पुरुषाकडे गेला. बाई पहिल्या बाकावर बसल्या, आणि बरोबर एक वाजता डबा उघडून जेवल्या.