टोकन क्रमांक त्रेसष्ट

"हा आवाज तुमचाच हाये ना?" फोनवर सिस्टर मंजुश्रींनी विचारलं आणि मोबाईल स्पीकरजवळ धरला. आल्हादला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"काऊन एवढी घाई करून राह्यला बे? मरून राह्यला काय?"

आल्हादने टेबलावरची फाईल मिटली.

"तुमचं मशीन हे बोललं आमच्या दवाखान्यात. भरल्या हॉलात," सिस्टर म्हणाल्या. "एका आजीले आत घेतलं हाये. त्याईचा पोरगा तुमचं नाव इचारून राह्यला. तुम्ही या लवकर." आणि फोन बंद झाला.

मोताळ्याहून नांदुरा, नांदुऱ्याहून जळगाव जामोद. आल्हादने कॉलेजात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मिळेल त्या एसटीत चढला. खिडकीजवळची जागा मिळाली, तरी त्याला घाम फुटला होता.

आल्हाद नोकरीने क्लार्क आणि वेडाने संगणकवाला. हा एखाद्या दिवशी मिक्सरवरही लिनक्स चढवेल, अशी त्याच्या बायकोला, सुलभाला, खरोखरच भीती होती. सॉफ्टवेअर विकत घेणं त्याला पाप वाटे आणि चोरून वापरणं महापाप. आपण लिहावं, नेटवर उघडं ठेवावं, ज्याला हवं त्याने न्यावं, हा त्याचा धर्म. पाच वर्षांत त्याने असे सात प्रोग्राम उघड्यावर ठेवले. त्यातल्या सहांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

सातवा होता रांगेतले टोकन पुकारणारा. फुकटात मिळणारा यांत्रिक मराठी आवाज 'चव्वेचाळीस' म्हणताना ठसका लागल्यासारखा अडकायचा. म्हणून आल्हादने भर मे महिन्यात, बाहेरचा गोंगाट टाळायला, डोक्यावरून गोधडी घेऊन सगळे आकडे स्वतःच्या आवाजात भरले. "टोकन क्रमांक चव्वेचाळीस, कृपया आत यावे." जळगाव जामोदच्या एका छोट्या दवाखान्याने तो प्रोग्राम नेला, तेव्हा त्याने कॉलेजभर पेढे वाटले होते.

आता ते पेढे त्याला आठवत होते.

चूक शेखरपायी झाली होती. शेखर त्याचा जिवलग मित्र. प्रोग्राम तपासायला बसला की बटण धडाधड दाबत सुटायचा. त्याची जिरवायला आल्हादने एक गंमत करून ठेवली. बटण लागोपाठ तीनदा दाबलं की प्रोग्राम खेकसायचा. शेखर हसून हसून लोळला. गंमत काढून टाकायची राहिली आणि प्रोग्राम नेटवर गेला.

नांदुऱ्याच्या स्टँडवरून त्याने शेखरला फोन लावला. "ते वाक्य उडव बे आधी. आत्ताच्या आत्ता."

"इथून उडवतो," शेखर म्हणाला. "पण ज्यायनं नेलं त्याईच्याकडचं कसं उडंल? तूच सांगतं ना, एकदा देल्लं का ते सगळ्यायचं."

आल्हादला नवीनच धडकी भरली. न विचारता न्यायची मुभा त्यानेच दिली होती. आणखी किती गावांत, किती रांगांपुढे आपला आवाज या घटकेला माणसांना मरताय का म्हणून विचारत असेल, याचा त्याला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या एसटीत त्याने मोबाईलवर स्वतःच्या प्रोग्रामचा परवाना उघडला. 'जसा आहे तसा. कसलीही हमी नाही. काहीही झाल्यास लेखक जबाबदार नाही.' हे कलम त्याने दुसऱ्याच्या प्रोग्राममधून न वाचताच उतरवलं होतं. सगळेच तसं करतात. पोरगा पोलिसांत गेला आणि हवालदाराला हे दाखवलं तर तो काय म्हणेल, याचा त्याने विचार केला. कलम इंग्रजीत होतं. म्हातारी बाई होती. तिचा जीव कासावीस होत असताना आपण भर लोकांत तिला असं बोललो. ती गेली असेल तर कुठलं कलम आपल्याला वाचवणार आहे? त्याने मोबाईल खिशात टाकला आणि उरलेला रस्ता डोळे मिटून काढला.

दवाखान्याच्या दारात एक धिप्पाड माणूस उभा होता.

"आल्हाद तुम्हीच काय?"

"ते... ते चुकून राहून गेलं हो," आल्हाद म्हणाला.

त्याचा आवाज ऐकताच बाकड्यांवरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. त्या माणसाने आल्हादचं मनगट घट्ट धरलं आणि त्याला आत नेलं. सुटायची सोय नव्हती.

खाटेवर त्या आजी, अन्नपूर्णाबाई, पडल्या होत्या. नाकाला नळी होती. डोळे मिटलेले होते. उशाशी सिस्टर मंजुश्री उभ्या होत्या.

"आजी, माफ करा," आल्हाद कसाबसा म्हणाला. "माझी चूक झाली."

म्हातारीने डोळे उघडले. "हाच हाये व माय तो," ती सिस्टरला म्हणाली.

"नंबर लवकर सरकावा म्हणून मीच बटण धडाधड तीनदा दाबलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "मशीन तसं बोललं अन् सारा हॉल हासला. या आजी तेवढ्या हासल्या नाहीत. मशीनकडे पाहून मान हालवली अन् म्हणाल्या, हाव बापा. तवा आम्ही पाह्यलं. लुगडं घामानं भिजलं होतं, हात थंडगार. डॉक्टरांनी तसंच उचलून आत घेतलं. हार्टचा झटका होता."

"आठ वाजतापासून छाती दुखून राह्यली होती तिची," मनगट न सोडता मुलगा, इंद्रभान, म्हणाला. त्याची मान खाली होती. "मी बाजूलेच बसलो होतो. मोबाईल पाहून राह्यलो होतो."

"त्रेसष्ट नंबर होता माहा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "सगळेच बिमार. मधात कसं घुसावं?"

मग त्यांनी आल्हादकडे हात केला.

"सकाळपासून तेवढं तुनंच इचारलं, बापा."