केरूची तांबडी मोटार

केरूने रंगाचा तोच डबा तिसऱ्यांदा उचलला. झाकणाला लागलेला रंग खोक्यावरच्या चित्राशी ताडून पाहिला. चित्रातली मोटार तांबडी होती, वाळल्या मिरचीसारखी गडद.

"ह्योच," तो म्हणाला.

राहीला हसू आलं. लेक एकोणीस वर्षांचा घोडा झाला, आणि रिमोटवर पळणाऱ्या मोटारीसाठी सकाळपासून चार डबे मांडून बसलाय! बाबल्याकाकाने ती जपानहून आणली होती. केरूची पहिलीच. बोटीवरची नोकरीही काकानेच बघून दिली होती. मुलाखत झाली, कागद झाले. सोमवारी मुंबईत डोळे तपासले, की केरू बोटीवर चढणार आणि त्याच्या बापाची मुंबईतली हमाली सुटणार. राही दिवस मोजत होती.

मोटारीचं कवच काचेसारखं आरपार होतं. रंग आतून द्यायचा, म्हणजे बाहेरची चकाकी राहते, असं काका सांगून गेला होता. तसले रंग रत्नागिरीच्या बाजारात कुठले मिळायला? केरूने होड्या रंगवून उरलेले डबे मागून आणले. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या कधीच गळून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रंग वाळला. केरूने कवच मोटारीवर चढवलं आणि खोकं शेजारी धरलं.

"आये, बग. चित्रातली आन ही, काय फरक हाय?"

तांदूळ निवडणाऱ्या राहीचा हात सुपातच थांबला. मोटार शेवाळासारखी हिरवी होती.

"मस्करी करतंस?"

"कसली मस्करी?"

"ह्यो रंग कोनता?"

"तांबडा. दुसरा कोनता?"

राहीने बाजूला सारलेला तांबडा डबा पुढे केला. "आन ह्यो?"

"ह्यो पन तसलाच. जरा काळपट, म्हनून नाय घेतला."

हे ओळखायला मुंबईच्या डॉक्टरला दोन मिनिटंही लागणार नव्हती. बोटीवरची नोकरी गेली, हे राहीला कळलं. पण तिला आठवलं ते दुसरंच.

तिचा बाप गंगाराम, मचव्याचं सुकाणू धरणारा तांडेल. बावीस वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी नवे दिवे लागले. हिरवा वाटेचा, तांबडा खडकाचा. त्याच महिन्यात गंगारामने मचवा सरळ तांबड्या दिव्याखाली नेऊन फोडला. चार खलाशी बुडाले, तोही बुडाला. वाचलेला एकटा सांगत राहिला, "तांडेल वरडत व्हता, हिरवा हाय, चला, हिरवा हाय."

ढोसून होता, असा गावाने निकाल दिला. राहीनेही तो मानला. नवरात्राच्या पहिल्या दिवशी, आजेपाडव्याला, लेकीचा लेक आईच्या बापाला पाणी देतो. राहीने केरूला ते कधी देऊ दिलं नाही. दारुड्याचं पान माझ्या घरात वाढायचं नाही, असं ती चारचौघांत बोलली होती.

केरू रिमोट हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं.

"काय झाला, आये?"

राहीला रडू आवरेना. लेकासाठी की बापासाठी, ते तिला सांगता आलं नसतं.

"सोमवारी जाव नको," ती म्हणाली. "पाडव्याला हितंच ऱ्हा. तुज्या आज्याला पानी द्यायचा हाय. माजा बाप प्यायलेला नव्हता."