जाहिरातींपुरतं बोलणं

आठला दोन मिनिटं कमी असताना कांतानं टीव्ही लावला. आईचं तेरावं उरकून ती कालच कोरेगावहून दिल्ली कॅन्टमधल्या क्वार्टरमध्ये परतली होती. नवरा पोस्टिंगवर, लेक देविका शेजारी गृहपाठाला बसलेली. मालिकेतल्या सुनेचं पंधरा दिवसांत काय झालं, ते आज कांताला एकटीलाच बघायचं होतं.

एरवी हे काम दोघींचं. आई तिकडे, कांता इकडे, मालिका एकच. ब्रेक लागला रे लागला की आईचा फोन. बोलायचं ते जाहिरातींपुरतं. मालिका सुरू झाली की फोन बंद, मग वाक्य अर्धं का राहीना. गुडघ्यांपासून शेजारणीच्या लग्नापर्यंत सगळं तेवढ्यात उरकायचं. आईच्या मागून तीच साबणाची जाहिरात ऐकू यायची, दिल्लीपेक्षा जराशी उशिरा.

'प्राइम टाइम' हा शब्द आईला देविकानं शिकवला होता. "आजी, सगळे लोक घरी येऊन टीव्ही बघतात ना, तो टाइम. तेव्हा अ‍ॅड्स पण लंब्या असतात." आई खूश झाली होती. "असू देत बाई लांबलचक. तेवढंच बोलणं होतं."

कांताच्या वडलांना, तात्यांना मात्र या प्रकाराचा भारी राग. "कसला डोंबलाचा प्राइम टाइम! माणसाच्या जेवायच्या वेळेला रडारड!" असं म्हणत ते बाहेर जाऊन बसायचे. फोन कधी हातात दिलाच तर "बरंय ना? बरं. ठेव." लेकीशी त्यांची मजल कधी याच्यापुढे गेली नाही.

मालिका सुरू झाली. सून देवघरात उभी राहून सासूला जाब विचारत होती, तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, 'आई'.

कांतानं फोन कानाला लावला.

"कांता?" तात्या होते. त्यांनी घसा साफ केला. "जाहिरात लागली ना?"

समोर सून तावातावानं बोलत होती. ब्रेकला अजून चांगली सात-आठ मिनिटं होती. कांतानं कान देऊन ऐकलं. तात्यांच्या मागे टीव्हीचा आवाज नव्हता. भांड्याचा नव्हता. फक्त भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं.

"आई, ब्रेक कुठे आहे यार? शो तर चालू..."

कांतानं देविकाच्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं टीव्हीचा आवाज बंद केला.

"हो तात्या. आत्ताच लागली."

"तेच म्हटलं. मीपण बघतोय." मग, "त्या सुनेचं काही खरं नाही."

"नाही ना."

"तुझी आई म्हणायचीच."

एवढं बोलायची दोघांनाही सवयच नव्हती.

"जेवलात का तात्या?"

"शेजारून डबा आलाय. जेवेन." पुन्हा घड्याळ ऐकू आलं. "परसातली मेथी काढली आज. काढता काढता दोघांची काढली गेली."

कांतानं पदर तोंडात धरला. पडद्यावर सून रडत होती, तिचाही आवाज नव्हता. देविका एकदा टीव्हीकडे आणि एकदा आईकडे बघत होती.

"संपली का गं जाहिरात?" तात्यांनी घाईघाईनं विचारलं. "ठेवू का मग?"

"नाही, नाही," कांता म्हणाली. "मोठी असते, तात्या. प्राइम टाइम आहे."