हात न लावता

"बुद्धिबळाच्या पटावर जात नसते, तिथं फक्त अक्कल असते!" राजापेठच्या क्लबात, अठ्ठावन्न सालच्या अंतिम डावाआधी अध्यक्ष भय्यासाहेबांनी असं जाहीर केलं, टाळ्या घेतल्या आणि ढालीसाठी स्वतःच खेळायला बसले. समोर होते तार ऑफिसातले कारकून देवमन, मूळचे हिवरखेडचे, छप्पन साली बौद्ध झालेले.

देवमन यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, भय्यासाहेबांनी वजिरापुढचं. दुसऱ्याच चालीत ते मारायला देवमन यांनी हात पुढे केला.

"थांबा! माहा मोहरा मारला की नुसतं तोंडानं सांगत जा. उचलून मी घेतो. तुमाले कावून तरास?"

छतात पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी सगळा क्लब छताकडे पाहू लागला. पण देवमन उठले नाहीत. "मारला," एवढंच म्हणत गेले, दर वेळी जरा मोठ्यानं. वजिरासकट अकरा मोहरे अध्यक्षांनी वाकून वाकून स्वतःच उचलले. शेवटी मात झाली.

 

"भय्यासाहेब, मेलेलं उचलायचं काम आमी छप्पन सालीच सोडलं. तेवढा राजाबी तुमीच उचलून घ्या."