सायकलींची पाहणी

पाटसजवळच्या तीन वाड्यांसाठी सामायिक सायकलींची योजना आखायचं काम २००३ साली माझ्याकडे आलं. मी घरोघर विचारलं, "सायकल आहे का?" सगळे म्हणाले, "हाय की." मी एकसष्ट सायकली नोंदवल्या आणि मोठ्या शहाणपणानं अहवालात लिहिलं, 'लोकांना मिळून वापरायची सवय लावावी लागेल.'

निघायला उशीर झाला. एसटी चुकणार म्हणून शेवटच्या घरातल्या बानूबाईंना म्हणालो, "मावशी, फाट्यापर्यंत तुमची सायकल द्या."

"खालच्या वाडीला गेलीय, भाऊसाहेब. बाळंतिणीचा डबा घिऊन."

"मग शेजारच्यांची?"

"तीच की. तिन्ही वाड्यांत येकच हाय."

मी विचारलं, "पण ती आहे कुणाची?"

बानूबाई विचारात पडल्या. "आता त्ये कुणी कवा इचारलंच न्हाई."