तिकिटाचा कपटा

“भावजी, जरा हळू बोला. मामंजींची नजर गेलीय, कान नाहीत गेले,” चहा ठेवत अण्णासाहेबांची सून कुसुमताई म्हणाली.

हिंदुराव ओशाळला. “कंपनीत लोखंड ठोकायच्या हॅमरपाशी वरडून बोलायची सवय हाय, वहिनी.”

खाटेवर बसलेले अण्णासाहेब हसले. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते आणि आता बोटंही थरथरत. जन्मभर सतार शिकवली, पण त्यांचा हात उतरला तो एकट्या हिंदुरावच्या हातात. त्याच्या घरात खाणारी तोंडं सात. म्हणून बासष्ट साली कंपनीतल्या साहेबांना चिठ्ठी देऊन त्याला पिंपरीत कामाला लावलं, तेही अण्णासाहेबांनीच.

आज त्यांनी सतार त्याच्या मांडीवर ठेवली. “लावून दाखव. कान शाबूत असेल तर ही तुझी.”

वरच्या तारा हिंदुरावनं झटक्यात लावल्या. खाली तरफेच्या बारीक तारा असतात, वरची छेडली की आपोआप गुंजणाऱ्या. तिथं मात्र तो अडला. त्या त्याला ऐकूच येईनात. खुंटी पिळली, भोपळ्याला कान लावला. काही नाही.

त्यानं गुरुजींच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग खिशातलं बसचं तिकीट काढलं, कपटा फाडला, दुमडून बारीक तारेवर बसवला आणि वरची तार छेडत खुंटी फिरवू लागला. सूर जुळला की कागद उडतो. अण्णासाहेबांनीच कधीकाळी त्याला शिकवलेली नवशिक्यांची युक्ती. कागद थरथरला, उडाला. मग पुढची तार. मग त्याच्या पुढची.

“वा! अगदी बरोबर!” अण्णासाहेबांचा चेहरा फुलला. “उगाच भीत होतो रे मी. वाटायचं, त्या ठोकाठोकीत ह्याचा कान गेला असणार, आणि पाप माझ्या माथी.”

“न्हाई, गुरुजी. कान ठीक हाय.”

“आण इकडं. जाण्याआधी एकदा हात फिरवू दे.”

त्यांनी तारांवरून बोट फिरवलं. बोटाला काहीतरी चिकटलं. चिमटीत धरून त्यांनी ते चाचपलं. घडी चाचपली. बराच वेळ.

हिंदुराव पाठमोरा होऊन सतारीची गवसणी झटकत होता.

“ती चिठ्ठी मी द्यायला नको होती,” अण्णासाहेब हळूच म्हणाले.

“व्हय, गुरुजी!” हिंदुराव मोठ्यानं म्हणाला. “रोज वाजवीन.”